हे नाव तुझं न्हाई

पडद्यावर लाल अक्षरांत ओळ उमटली, 'हे नाव तुझं न्हाई', आणि कीबोर्डवरचा माझा हात चटका बसल्यासारखा मागे आला. तसं पाहिलं तर त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. ती ओळ मला पाठ होती. ईश्वरनं ती लिहिली तेव्हा मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, चहाच्या कागदी कपाची कड दातांनी कुरतडत. 'न्हाई' काय लिहितोस, 'नाही' लिही, असं मी त्याला म्हणालेही होते. त्यावर तो म्हणाला होता की गेटवरचा वॉचमन अडवतो तेव्हा काय पुस्तकातलं बोलतो का. त्याला तीन वर्षं झाली. मधल्या काळात कंपनीत नवीन येणाऱ्या पोरांना ती ओळ दिसायची, ती तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची आणि दिवसभर एकमेकांना तसं बोलून हसायची. मीही हसायचे. मला स्वतःला मात्र ती एकदाही दिसली नव्हती, कारण या तीन वर्षांत मी आपल्या नावानं, आपल्या लॅपटॉपवरून, शहाण्या मुलीसारखं काम करत आले होते.

आमची कंपनी सणसवाडीला. पत्र्याचे सुटे भाग ठोकणारे सात प्रेस, आणि त्या प्रेसना चालवणारा प्रोग्रॅम सांभाळणारी आम्ही तीन-चार माणसं, काचेच्या एका खोलीत. प्रोग्रॅममध्ये कुणी काही बदल केला की तो सर्व्हरवर जमा करायचा असतो. त्याला कमिट म्हणतात. त्याच्यावर बदल करणाऱ्याचं नाव लागतं आणि बदल का केला तेही लिहावं लागतं. जमा होण्याआधी एक छोटीशी स्क्रिप्ट तो तपासते, तिला हूक म्हणतात. नाव बरोबर आहे का, कारण नीट लिहिलंय का, आकडे मर्यादेत आहेत का, हे ती पाहते. पटलं तर आत घेते, नाही तर परत पाठवते. त्या सोमवारी शॉपमधला, म्हणजे प्रेसजवळचा, लॅपटॉप बंद पडला म्हणून स्टोअरच्या कपाटातून जुना काढला होता. तीन नंबरच्या प्रेसला नवा सेन्सर बसवायचा होता, त्यासाठी एकच आकडा बदलायचा होता. मी बदलला, कारण लिहिलं, माझा पासवर्ड टाकून पाठवला. पासवर्ड माझा होता, पण त्या लॅपटॉपवर नाव अजून ईश्वरचंच होतं. तीन वर्षं कपाटात पडलेल्या यंत्रावरचं नाव बदलायचं कुणाला सुचणार. हूकनं दोन्ही ताडून पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पण ते चांदणं त्याच दिवशी पडावं हे काही मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी हौसराव आबांचा दहावा होता. हौसराव म्हणजे ईश्वरचे वडील. तीन दिवसांच्या तापात गेले. ग्रुपवर आलेली काळ्या चौकटीतली बातमी मी आठवडाभर रोज उघडून पाहत होते. भीमेच्या काठी, पारगावच्या घाटावर, सकाळी आठ वाजता. फोटोत आबांनी फेटा बांधला होता आणि मान किंचित डावीकडे वळवली होती. फोटोवाल्याला वाटलं असेल म्हातारा ऐट करतोय. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून कुणी बोलायला लागलं की ते उजवा कान पुढे करायचे. फोटोवाला 'हसा' म्हणाला असेल आणि आबा ते नीट ऐकायला वळले असतील, एवढंच. मी लॅपटॉप मिटला. रविराज सरांना सांगितलं की बदल उद्या दुपारी करते, उद्या अर्धा दिवस सुट्टी हवी. रविराज सर आमचे मॅनेजर. कुठं जायचंय ते त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांच्याही फोनवर ती काळी चौकट आली होती आणि ते स्वतः येणार नव्हते.

रात्री शिरूरला घरी जाताना, स्कूटरवर, मी नेहमीप्रमाणे स्वतःशी हिशेब मांडला नाही. तो मांडून मांडून झिजला होता. नुसती ती संध्याकाळ आठवत राहिली. तीन वर्षांपूर्वीची. तोच लॅपटॉप, तोच तीन नंबरचा प्रेस. त्या प्रेसच्या तोंडाशी आम्ही एक सेन्सर बसवला होता. माणसाचा हात आत दिसला की प्रेस थांबायचा. हात दिसल्यापासून किती वेळात थांबायचं तो आकडा प्रोग्रॅममध्ये होता, वीस मिलिसेकंद. त्या दिवशी सेन्सरवर तेल उडत होतं आणि हात नसतानाही प्रेस सारखा थांबत होता. माल न्यायला आलेली गाडी गेटवर उभी, रविराज सर येता-जाता ओरडत होते, आणि साडेपाचला माझी शिरूरची बस. मी वीसचे दोनशे केले, म्हणजे तेलाचा थेंब येऊन जाईपर्यंत प्रेस थांबायचा नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. गाडी भरली की परत वीस करायचं असं मनाशी ठरवलं होतं. तेव्हाही हूक होता, ईश्वरनंच लिहिलेला, पण तो लॅपटॉपवरच बसवलेला होता. हूकनं मला अडवलं. म्हणाला, आकडा मर्यादेबाहेर आहे. लॅपटॉपवरच्या हूकला मात्र चुकवता येतं. कमांडच्या शेवटी 'नो व्हेरिफाय', म्हणजे तपासू नको, असं लिहिलं की तो निमूट बाजूला होतो. घाईच्या वेळी सगळेच लिहितात. मीही लिहिलं, पाच वाजून एकवीस मिनिटांनी, आणि पळत जाऊन बस पकडली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते, हे मला अजून आठवतं.

आकडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पाळीत सुमितच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. सुमित बिहारचा, तेव्हा बावीस वर्षांचा, सणसवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा. मी कंपनीत पोचले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि प्रेसखालची फरशी ओली होती, नुकतीच धुतलेली. त्या फरशीवरून मी मुद्दाम लांबून गेले. दुपारी रविराज सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. दोनशेचा आकडा, तारीख, वेळ, आणि नाव ईश्वरचं. तोवर मला माहीतच नव्हतं की त्या लॅपटॉपवर त्याचं नाव आहे. तो लॅपटॉप नेहमी तोच वापरायचा. मी ते नाव वाचलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटका. लाज त्यानंतर आली, बऱ्याच वेळानं. ईश्वर पडद्याकडे पाहत राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मग म्हणाला, "नाव माझंच हाय." मी केलं, असं तो म्हणाला नाही. हा फरक मला वर्षभरानं कळला. रविराज सरांनी मला विचारलं की तू तेव्हा तिथं होतीस का, आणि मी म्हणाले की मी साडेपाचच्या बसनं गेले. ते खरंच होतं. खरं बोलूनही खोटं बोलता येतं हे मी त्या दिवशी शिकले. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिले होते. आमच्या अख्ख्या आळीत पहिली इंजिनिअर मी, आईनं पेढे वाटून झालेले. घरी मी आईला एवढंच सांगितलं होतं की कामावर एक चूक झालीय आणि नाव दुसऱ्याचं आलंय. ती भाजी चिरत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली, आणि चिरत राहिली. कुणाची मूठ, किती बोटांची, ते तिला ठाऊक नव्हतं.

ईश्वरला राजीनामा द्यायला सांगितलं. नोटिशीच्या त्या एका महिन्यात त्यानं एकच काम केलं. हूक नव्यानं लिहिला आणि लॅपटॉपवरून काढून सर्व्हरवर बसवला. सर्व्हरवरच्या हूकला चुकवता येत नाही, तिथं 'नो व्हेरिफाय' चालत नाही. बदलावरचं नाव पाठवणाऱ्याचंच आहे का ते तो पाहील, लिहिलेलं कारण दहा शब्दांच्या आत असेल तर परत पाठवील, आणि प्रत्येक बदलाची मेल सगळ्यांना जाईल. मला शेजारी बसवून त्यानं एकेक ओळ समजावून सांगितली, कारण पुढं ते सांभाळायचं मलाच होतं. मी रोज वाट पाहायचे की आज तो विचारील. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत असे, आणि त्यानं विचारलं नाही याचा मला रागही येत असे. माणूस किती कोडगा होतो. शेवटच्या दिवशी चहा पिताना तो आपणहून म्हणाला की दार मीच उघडं ठेवलं होतं, माझं नाव तिथं पडून होतं, कुणीही उचललं असतं. चूक माझी हाय ती हाय. मी कपात बघत राहिले. मग तो केडगावला गेला, वडलांबरोबर शेवंती लावायला लागला, आणि मी कायम झाले.

महिन्याभरानं गेटवरून फोन आला की कुणी म्हातारे भेटायला आलेत. बाहेर हौसराव आबा उभे होते, जुन्या एम-एटी गाडीला पिशव्या अडकवलेल्या, वांगी, मेथी, फडक्यात बांधलेल्या भाकरी. ईश्वरनं घरी सांगितलं होतं की ऑफिसात एक सुलक्षणा मॅडम आहे, चांगली आहे. चांगली. आबांना सुमितची खोली पाहायची होती आणि त्यांना हिंदी येत नव्हतं. मी त्यांना घेऊन गेले. पत्र्याची खोली, दोरीवर चार जणांचे कपडे, सुमित खाटेवर बसलेला, हाताला पांढरं बांधलेलं. आबांनी पायातल्या वहाणा बाहेर काढल्या, फेटा नीट केला आणि त्या नातवाच्या वयाच्या पोरापुढे हात जोडून उभे राहिले. "माझ्या पोराच्या हातनं झालंय," ते म्हणाले. "त्याला बी झोप न्हाई. माफ कर." आणि माझ्याकडे वळले, उजवा कान पुढे करून, मी ते सांगावं म्हणून. मी सांगितलं. स्वच्छ हिंदीत, एकही शब्द न गाळता. इनके लड़के से गलती हुई है, माफ़ कर दो. माझ्याच तोंडानं. सुमित माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मला वाटलं दुखतंय त्याला. मग त्यानं मान हलवली आणि आबा खाली बसून भाकऱ्यांचं फडकं सोडायला लागले.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ते येत राहिले. तीन वर्षं. केडगावहून, चौफुल्यावरून त्या एम-एटीवर एवढ्या लांब, उसाच्या ट्रॉल्यांना चुकवत. सुमितला भाजी द्यायची, त्याच्याशी बसायचं. पुढं पुढं त्या दोघांना माझी गरज उरली नाही, सुमित मराठी शिकला, तीही आबांचीच. पण परत जाताना आबा आमच्या गेटवर थांबायचेच. मला बोलावून घ्यायचे. टपरीवर आम्ही चहा प्यायचो, ते शेवंतीचं सांगायचे, ईश्वर आता गावातल्या ठिबकला टायमर बसवून देतो ते सांगायचे. मग गाडीला किक मारायचे, गाडी सुरू व्हायची, आणि ती परत बंद करून माझ्याकडे उजवा कान वळवायचे. "बरं पोरी, आनखी काय?" म्हणायचे. मी म्हणायचे, काही नाही आबा, सावकाश जा. जरा थांबायचे. मग पुन्हा किक. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांची बोलणं संपवायची एक रीत असते, तशी ही. गाडी बंद करून परत चालू करायचा त्यांचा हा खटाटोप मला गमतीचा वाटायचा, एकदा मी त्याची नक्कलही करून दाखवली होती ऑफिसात. ते आता आठवलं की कानशिलं तापतात.

घाटावर मी पोचले तेव्हा माइकवर सोसायटीचे चेअरमन श्रद्धांजली वाहत होते. त्यांच्याआधी सरपंच झाले होते, त्यांच्यानंतर अजून दोघे होते, आणि निवेदक प्रत्येकाला दोन शब्द म्हणून उभं करत होता आणि दोन शब्दांत कुणी बसत नव्हतं. माणसं घड्याळं बघत होती. नदी हिरवी होती, जलपर्णीनं भरलेली. ईश्वर डोकं भादरून ओल्या धोतरात बसला होता. इतका बारीक दिसला की मला आधी तो ओळखूच आला नाही. बायकांत त्याची आई, सोजराबाई, कपाळ मोकळं, डोळे कोरडे. मी मागे उभी राहिले. सुमितही आला होता, पुरुषांच्या कडेला, डावा हात खिशात घालून. गुरुजींनी पिंड मांडले, पत्रावळीवर भात आणि आबांना आवडायची ती गुळाची पोळी, आणि सगळे मागे सरले. आता कावळ्यानं शिवायचं. पलीकडच्या बाभळीवर चार कावळे होते. एक खाली आला, पत्रावळीपासून हातभरावर उतरला, तिरका तिरका चालत पाहिलं त्यानं, आणि उडून परत गेला.

दहा मिनिटं गेली. आबांचे धाकटे भाऊ गेणबा पुढे झाले, हात जोडून म्हणाले की दादा, विहिरीवरची मोटर दोघांची हाय, तंटा करणार न्हाई. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं सोजराबाईचं राहिलं असंल. ईश्वर म्हणाला आईला अंतर देणार नाही. नाही. कुणी म्हणालं नातीच्या शिक्षणाचं. नाही. ऊन चढत होतं. मग गेणबांनाच आठवलं, तो सणसवाडीचा पोरगा, त्याच्यात जीव होता त्यांचा. ईश्वरनं मान वर केली आणि सावकाश म्हणाला, "आबा, सुमितकडं मी बघीन. माझ्या हातनं झालं ते मी निस्तरीन." माझ्या हातनं झालं. केबिनमध्ये जे तो म्हणाला नव्हता ते इथं, बापाच्या पिंडापुढे, म्हणाला. आणि तरीही बाभळीवरचा एकही कावळा हलला नाही. मला कावळ्या-बिवळ्याचं काही वाटत नाही, मी इंजिनिअर आहे, जलपर्णीमुळे आणि माइकच्या आवाजामुळे पाखरं बुजतात हे मला कळतं. पण त्या वेळी मला आमचा हूकच आठवला. सगळे जण कारणं लिहीत होते आणि सगळी परत येत होती, आणि खरं कारण माहीत असलेली मी तिथं मागे, ओढणी डोक्यावर घेऊन उभी होते. चार पावलं. चार पावलं पुढे जाऊन दहा शब्द बोलायचे होते. मी एक पाऊल टाकलंही. पुढच्या बाईनं वळून पाहिलं, तिला वाटलं मला जायला वाट हवीय, ती बाजूला सरकली, आणि ती मोकळी वाट समोर दिसल्यावर मी थांबले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या चार काड्यांची गाठ. ती ईश्वरच्या हातात दिली, त्यानं ती पिंडाला लावली, आणि झालं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. नो व्हेरिफाय, माझ्या मनात आलं, आणि मला तिथं, सगळ्यांत, रडू फुटलं. सोजराबाईंच्या शेजारची बाई म्हणाली, बघा, कंपनीतली पोर, किती माया होती.

परतताना सुमितला मी स्कूटरवर मागे बसवलं. पारगावचा पूल ओलांडला, न्हावऱ्याच्या दिशेनं ऊस दोन्ही बाजूंनी उभा होता. तो मागे असल्यामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, फक्त आरशाच्या कोपऱ्यात सीटची कड धरलेला त्याचा डावा हात, दोन पूर्ण बोटं, अंगठा, आणि मध्ये ते गुळगुळीत. न्हावऱ्याला चहाला थांबलो. मी चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच हिंदीत सुरुवात केली, कारण तीन वर्षांपूर्वी खोटं मी त्याच भाषेत सांगितलं होतं. सुमित, वो गलती ईश्वर की नहीं थी. पुढचं वाक्य मला जुळवता येईना. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, मला म्हाईत हाय." त्या संध्याकाळी तो ओव्हरटाइमला थांबला होता. लॅपटॉप घेऊन प्रेससमोर मी उभी होते हे त्यानं पाहिलं होतं. ईश्वर सर तिथं नव्हतेच. मग कंपनीत का नाही बोललास, मी विचारलं. तो म्हणाला की कुणी विचारलंच नाही, कागद पुढे केला आणि उजव्या हातानं सही मागितली. खोलीवर आबा आले, तुम्ही हिंदीत सांगायला लागलात, तेव्हा वाटलं आता तुम्ही बोलाल. नाही बोललात. मग तोही नाही बोलला.

आमच्या शेजारून उसाची गाडी गेली आणि ती जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "आबांना मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवाळीला." मी टपरीचा खांब धरला. आबा काय म्हणाले, मी विचारलं. त्यानं ते आबांच्याच आवाजात सांगितलं, त्याला दुसरी मराठी येतच नाही. "म्हणले, तिला म्हाईत हाय न्हवं? मग आपून कशाला सांगायचं. तिच्या तोंडानं येऊ दे. म्या येतो हाय तवर, इचारत जाईन." आणि सुमितनं त्याचा अर्धा राहिलेला चहा उचलून प्यायला. मी मोजायला गेले नाही, तरी मनानं मोजलंच. त्या दिवाळीपासून चौदा वेळा तरी. चौदा वेळा त्यांनी किक मारून गाडी बंद केली होती आणि चांगला कान माझ्याकडे केला होता. बरं पोरी, आनखी काय. चौदा वेळा मी म्हणाले होते, काही नाही आबा. ईश्वरला माहीत, सुमितला माहीत, आबांना माहीत. झाकलेली मूठ फक्त मलाच झाकलेली दिसत होती. आणि त्या माणसानं मला चिमटीतही धरलं नाही. नुसता गेटवर येऊन उभा राहिला, दर महिन्याला, ऐकायला.

दुपारी मी कंपनीत आले. काचेच्या खोलीत कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. जुना लॅपटॉप कालच्या जागीच होता, लाल ओळ तशीच. मी आधी त्याच्यावरचं ईश्वरचं नाव पुसलं आणि माझं टाकलं. पुसताना मन कचरलं, कंपनीत त्याची तेवढीच एक खूण उरली होती. तीन नंबरच्या प्रेसचा नवा आकडा घातला. कारणाच्या जागी लिहिलं, 'जुना बदल मी केला होता', आणि पाठवलं. ओळ आली. 'एवढ्यात भागत न्हाई. नीट सांग.' पाचच शब्द झाले होते. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, त्या खुर्चीत बसून तो जसा मान न वळवता बोलायचा तसंच ते वाटलं. मग मी नीट सांगितलं. लिहिलं की तीन वर्षांपूर्वी या प्रेसचे वीसचे दोनशे मी केले, हूक चुकवून केले, बस चुकू नये म्हणून. लॅपटॉपवर ईश्वरचं नाव होतं ते मला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी गप्प राहिले. सुमितची बोटं माझ्या आकड्यानं गेली. हौसराव आबांनी त्याची जी माफी मागितली ती मी मागायला हवी होती, आणि ती मीच हिंदीत सांगितली. खाली सुलक्षणा लिहिलं. बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले ते आठवत नाही. नोकरी जाईल, रविराज सर आत्ता जेवून येतील, पोलिसांचं काय होतं कुणास ठाऊक, आई आळीत काय सांगेल. हे सगळं आठवत होतं आणि ते सगळं लांबून ऐकू आल्यासारखं वाटत होतं. मी बटण दाबलं.

'घेतलं', एवढंच आलं. हिरव्या अक्षरांत. हूकला खरंखोटं कळत नाही, तो नाव ताडतो आणि शब्द मोजतो, हे मला माहीत आहे, मीच तो सांभाळते. तरी तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. बाहेर प्रेस चालू झाले, जेवणाची सुट्टी संपली. मेल सगळ्यांना गेली होती. सगळ्यांत ईश्वरही होता, मेलच्या यादीतून त्याचं नाव काढायचं तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा माझ्या आलं होतं आणि मी काढलं नव्हतं.

पाऊण तासानं त्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, पाहुणे जेवून गेले असणार. मग म्हणाला की वाचलं. मी म्हणाले की मला आज घाटावर बोलायचं होतं. तो म्हणाला, दिसलं मला. मग म्हणाला की आईला वाचून दाखवलं. मी विचारलं, काय म्हणाल्या.

"तिनं सगळं ऐकलं. मग म्हणली, हितं नको वाचू, तिकडं फोटोपुढं बस आन् परत वाच. म्हणली, उजव्या अंगाला बस. मोठ्यानं वाच. त्यांना कमी ऐकू येतं."